घराजवळची विद्याशाखा

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार-चमत्कार, कुशल-मंगल जे काही लिहितात ते सगळं लिहिलं असं समज. आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील, आणि तुझा तो चष्मेवालाही.

पाकीट बघून दचकली असशील तर आधी सांगते, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. बाबांना हल्ली फोन खपत नाही. मी कानाला लावला की समोर येऊन उभे राहतात आणि ठेवेपर्यंत हलत नाहीत. मेसेज कर म्हणशील, तर मेसेजमध्ये मी 'हो' आणि 'ठीक' यापलीकडे जात नाही हे तूच मला ऐकवलंयस. तेव्हा आता पानंच्या पानं वाच.

अक्षर वाकडं वाटेल. मधलं बोट दारात सापडलं. पट्टी आहे, होईल बरं.

मुख्य बातमी अशी की आमचं पायाभूत वर्ष संपत आलं. या विद्यापीठाची तऱ्हा तुला माहीत आहे. पहिलं वर्षभर सगळ्यांना सगळं शिकवायचं आणि मग एका सकाळी विचारायचं, बोला, मानव्य की अभियांत्रिकी. ज्यांना एकच काहीतरी येतं त्यांचं बरं असतं. मला दोन्हीकडून बोलावणं आलंय. एप्रिलच्या सुरुवातीला कळवायचं, आणि एकदा कळवलं की बदल नाही. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघून म्हणतात, मज्जा आहे बुवा एकेकीची.

इतिहासाच्या बाईंनी तर मला गृहीतच धरलंय. त्या म्हणजे सडपातळ, कायम सर्दी झालेल्या, आणि वर्गात कधीही खुर्चीवर न बसणाऱ्या. वर्षाअखेरीचा निबंध मी आपल्या गल्लीमागच्या बंद कारखान्याच्या भोंग्यावर लिहिला. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले, भोंगा किती वाजता व्हायचा? प्रत्येकाने वेगळी वेळ सांगितली आणि प्रत्येकजण शपथेवर सांगायला तयार. दोघांचं तर जिन्यातच जुंपलं. मी रडकुंडीला येऊन बाईंकडे गेले. त्या नाक पुसत म्हणाल्या, "अगं, खरी वेळ काय करायचीय? एवढी माणसं वेगवेगळं का धरून बसलीत ते बघ." ताई, त्या दिवशी मी वाचनालयातून उठलेच नाही. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हा भानावर आले. इतकं सुख मला कशात मिळालेलं आठवत नाही.

गणिताचं म्हणशील तर गणित मला येतं. मार्कही पडतात. पण पेपर संपला की मी त्याला विसरते आणि ते मला.

गेल्या महिन्यात अभियांत्रिकीवाल्यांनी आम्हाला त्यांच्या गावी नेलं होतं, दोन दिवस. बसने जवळजवळ एक दिवस लागतो. नव्या कोऱ्या इमारती, झाडं अजून काठीला बांधलेली. लोखंडी सळई तुटेपर्यंत ताणायचं एक यंत्र आहे. दाखवणारा मुलगा असा काही रंगला होता की सळई तुटल्याबरोबर आम्ही सगळ्या मागे सरलो आणि हा एकटाच पुढे. वसतिगृह चांगलं आहे. खोल्यांना आतून कडी आहे. तेवढे दिवस बाबांपाशी शेजारच्या काकू बसल्या.

बाबा तसेच. सनावळ्या अजून तोंडपाठ, कुठली लढाई कुठल्या साली ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. जेवलो की नाही ते मात्र मला विचारतात. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवल्यावर एवढी सूट मिळायला हरकत नाही.

तुला काय वाटतं ते कळव. पत्रच लिही. पोस्टमन दुपारी येतो, मी बघते.

तुझी,
शेपूट


गुरुवार, २१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबा आंघोळीला गेले होते, म्हणून दारातच उभ्या उभ्या वाचलं.

तू लिहितेस, यात विचार कसला करायचा? लहानपणापासून तुझं नाक पुस्तकात, डोळे मिटून मानव्य घे. पायी जाता येतं, दुपारी घरी डोकावता येतं, बाबांचंही होतं आणि तुझंही. सगळं कसं जुळून आलंय. तू हे प्रेमानेच लिहिलं आहेस. पण सगळं खरोखरच जुळून आलंय. माझं घोडं तिथेच अडलंय.

मागच्या पत्रात मी तुला जरा शेंडी लावली. बोट दारात सापडलं नव्हतं. बाबांनी पिरगळलं.

रागावू नकोस, त्यांच्यावर तर अजिबातच नको. फेब्रुवारीतली दुपार. मी कॉलेजातून आले आणि ते दार अडवून उभे. "कोण हवंय?" असं विचारलं, अगदी शाळेत पालकांना विचारायचे तसं, सभ्यपणे. मी म्हटलं, "बाबा, मी शेपूट." तर त्यांचा चेहरा एकदम पडला. हात कमरेपाशी धरून उंची दाखवली आणि म्हणाले, "माझी शेपूट एवढीशी आहे. तू कोण? कुठे नेलंस तिला?" मी समजवायला हात धरला, तर त्यांनीच माझा धरला. बोट वाकत गेलं. त्यांच्या अंगात अजून किती ताकद आहे याची तुला कल्पना नाही. जिन्यात कोणी नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी ओरडले, "बाबा, मी मोठी. मी ताई आहे."

आणि हात सुटला. "मग आधी नाही का सांगायचं?" म्हणाले. "किती उशीर केलास. चहा ठेव."

नंतर मी पुष्कळ विचार केला तेव्हा मला त्याची संगती लागली. त्यांच्या डोक्यात आपलं घर खूप मागे कुठेतरी थांबलंय. तिथे धाकटी सात-आठ वर्षांची आहे आणि मोठी कॉलेजात जाते. तेव्हा घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर ती तू. त्यांच्या हिशेबात काही चूक नाही.

त्या दिवसापासून या घरात मी तू आहे.

तुझा जुना निळा स्वेटर घालते. केसांची एकच वेणी. तुझ्या वाटणीची बोलणी खाते, परवा तुझ्या कुठल्याशा मैत्रिणीवरून पाऊण तास ऐकून घेतलं. तुझ्या वाटणीचं कौतुकही मलाच मिळतं, आणि ते बोलण्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे तुझ्या कानावर घालायलाच हवं. तुझ्या तोंडावर ते कधी काही बोलले नाहीत आणि तू तणतणत निघून गेलीस. काकूंना मात्र सांगतात, माझी मोठी आहे म्हणून हे घर उभं आहे. मी शेजारी बसून मान खाली घालते, तू घातली असतीस तशी.

फोन का नको ते आता तुला कळेल. मी कोणाशी तरी बोलताना 'ताई' म्हटलं की ते अस्वस्थ होतात. या घरात ताई एकच आणि ती मी. एकदा चुकून म्हटलं, तर रात्रभर खोल्यांमधून कोणाला तरी शोधत होते.

पहिले काही दिवस ते धाकटीला शोधायचे. पलंगाखाली वाकून, कपाटाची दारं उघडून. "शेपटे, बाहेर ये, मी हरलो," असं म्हणायचे. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायचे. ताई, माझा बाप मला हाका मारत होता आणि मला ओ देता येत नव्हती. शेवटी जीव मेटाकुटीला आला आणि मी सांगून टाकलं, बाबा, ती शिकायला गेली. लांब. वसतिगृहात राहते. ते खाली बसले आणि म्हणाले, "बरं झालं." तेव्हापासून शोधणं बंद झालं.

आता अभियांत्रिकीच्या गावाचं. यंत्रं मी अर्धीमुर्धीच पाहिली. पहिल्या संध्याकाळीच खोलीत गेले, आतून कडी लावली आणि आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. नाश्ता गेला, मोठ्या सरांचं भाषण गेलं. मैत्रिणींना वाटलं मी आजारी आहे. जाग आल्यावर कितीतरी वेळ मी तशीच पडून होते, आता हाक येईल आणि मला ताई व्हावं लागेल म्हणून. हाक आलीच नाही. मी इतकी रडले की माझं मलाच नवल वाटलं.

आणि इकडे त्याच दुपारी मोठी घरात दिसेना म्हणून बाबांनी काकूंना काठी मारली. कपाळावर टाके पडले. मी परत आले तर काकू आपल्याच घरात कपाळाला पट्टी लावून बसल्या होत्या. त्यांच्याकडे असायची ती आपल्याकडची किल्ली तेवढी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्याच्याने आता नाही होणार गं." त्यांनी आजवर केलं तेवढं सख्ख्यांनीही केलं नसतं. मी आता कॉलेजात जाताना बाहेरून कुलूप घालते. सुऱ्या माझ्या दप्तरात असतात. परवा पेन शोधताना इतिहासाच्या बाईंना दिसल्या. मी म्हटलं, धार लावायला नेतेय.

सल्ला मागते म्हणाले होते, पण मला सल्ला नकोच आहे. तू ये. एकदा ये, आठ दिवस ये, आणि डोळ्यांनी बघ. मग तू मानव्य घे म्हणालीस तर मी आनंदाने घेईन. तोवर मी विद्यापीठाला काही कळवत नाही.

तुझी,
शेपूट


मंगळवार, ९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू खूप रडलीस असं लिहितेस, ते मला खरं वाटतं. तू म्हणतेस की आत्ता रजा मिळणं कठीण आहे, सप्टेंबरात तुमचं लग्न आहे, घर बघताय. वर्षभर कसंतरी निभाव, मग आपण दोघी मिळून काहीतरी करू. आणि शेवटी लिहितेस, "तू मानव्य घेतलंस की निदान तू घरात आहेस एवढा तरी मला धीर राहील."

मला तुझा राग आलेला नाही. येईल असं वाटलं होतं. एवढंच कळलं की तुझा धीर म्हणजे मी.

मी अभियांत्रिकी कळवलं. गेल्या शुक्रवारी, शेवटच्या दिवशी. विद्यापीठाच्या संगणकावर दोन नावं असतात, एकावर बोट ठेवायचं. वाकडं बोट अजून नीट दुमडत नाही, त्याच बोटाने दाबलं. पुन्हा विचारतात, नक्की ना? नक्की म्हटलं. पंधरा जूनला वसतिगृह उघडतं. त्या दिवशी मी तिथे असेन.

तुला वाटेल, नोकरीचा विचार केला असेल. गल्लीत सगळ्यांना तेच वाटतंय, समोरच्या शिंप्याने तर अभिनंदन केलं, आता पोरीचं कल्याण झालं म्हणाला. नोकरी माझ्या डोक्यातही नाही. अभियांत्रिकी मी एवढ्याचसाठी घेतलं की ते लांब आहे. मानव्य याच गावात आहे, आपल्या गल्लीपासून पायी. मी ते घेतलं की मला घर सोडायला कारणच उरत नाही. तू म्हणाली असतीस, जवळच तर आहे. काकू म्हणाल्या असत्या, बाई म्हणाल्या असत्या, मी स्वतःच म्हटलं असतं. मी चांगली मुलगी आहे गं, तोच माझा दोष आहे. चार वर्षं रोज दुपारी डोकावले असते, आणि चार वर्षांनी माझ्यात शेपटीचं काही उरलं नसतं.

मला इतिहास हवा होता. आजही हवा आहे. हे एकदा कोणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं.

बाईंना सांगायला गेले ते सगळ्यात वाईट. त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. "कोणी दडपण आणलं का?" असं विचारलं. आता खरं काय सांगू? दप्तरातल्या सुऱ्यांपासून सुरू करू की निळ्या स्वेटरपासून? मी म्हटलं, "घरच्यांची इच्छा आहे." त्या म्हणाल्या, "तुझे वडील इतिहासाचे मास्तर होते ना? त्यांना कळायला हवं होतं." ज्या माणसाने मला मांडीवर घेऊन लढायांचे नकाशे राखेत काढून दाखवले, त्याच्यावर मी ते ढकललं आणि उठून आले. भोंग्याचा निबंध त्यांनी ठेवून घेतला. मी मागितलाही नाही.

आता बाबांचं. आई जाताना तिच्यापाशी आपण कबूल केलं होतं की त्यांना कुठल्या आश्रमात वगैरे ठेवायचं नाही. ते दोघींनी कबूल केलं होतं, ताई. मी एकटी तो शब्द मोडणार नाही आणि एकटी पाळणारही नाही. तुला ते तुझ्याकडे न्यायचे असतील तर ने. इथे येऊन राहायचं असेल तर ये. कुठे ठेवायचे असतील तर तसंही कर, पण ते तू येऊन कर, तुझ्या हाताने. मी कशालाच नाही म्हणणार नाही. चष्मेवाल्याला हे पत्र दाखव. तो भला माणूस असेल तर समजून घेईल, आणि नसेल तर तेही तुला लग्नाआधीच कळेल. हे मी कडवटपणे लिहितेय असं वाटेल. थोडं तसंच आहे.

काल मी बाबांना सांगितलं. ते खिडकीपाशी बसले होते, मी चहा दिला आणि म्हटलं, "बाबा, जूनमध्ये मी जातेय." त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता हात उगारतील, म्हणून मी टेबलाच्या पलीकडे झाले. पण ते हसले. म्हणाले, "तू कुठे जाणार? जायचं ते धाकटीने. तू घरात आहेस म्हणून तर तिला धाडता आलं." मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला.

तो हात तुझ्यासाठी होता. ते बोलणंही तुझ्यासाठी होतं. मी दोन्ही तुझ्याकडे पोचती करते आहे, कारण माझ्याकडे ते ठेवून चालणार नाही.

येण्याआधी काही गोष्टी माहीत असू देत. त्यांना मागून हाक मारू नकोस. जेवायला उशीर करू नकोस. आरशावर मी चादर टाकली आहे, ती काढू नकोस. सनावळी विचारलीस की ते शांत होतात, उत्तर बरोबर आहे का ते बघत बसू नकोस, बरोबरच असतं. आणि तुला ओळखतील का, ही भीती सोड. तू चौदा जूनला ये. दार मी उघडेन. ते तुला "आलीस का" असं विचारणार नाहीत, त्यांच्या लेखी तू कधी गेलीच नाहीस. फार तर उशीर केलास म्हणून रागावतील आणि चहा ठेवायला सांगतील. तो ठेव.

मग मी तिथेच उभी असेन आणि ते तुला विचारतील, ही मुलगी कोण? त्या वेळी रडू नकोस, आणि माझं नाव सांगू नकोस. शेजारची आहे म्हणून सांग. निघालीच आहे म्हणावं.

तुझी, आणि तू येईपर्यंत तूच,
शेपूट